हलवून खुंटा बळकट!

हाताने दळलेली ताजी कॉफी, ताटावर कुरकुर फिरवलेली मिरी... हँड ग्राइंडर सध्या एकदम ‘इन’ आहेत. पण बाराशेचा घ्यावा की बारा हजारांचा? आणि एकाच ग्राइंडरमध्ये दोन्ही दळलं तर? एका रविवारी स्वयंपाकघराची प्रयोगशाळा करून शोधलेली ही उत्तरं.

माझी रूममेट शांत स्वभावाची आहे. सकाळी साडेसातला तर ती सहसा तोंडच उघडत नाही. त्या दिवशी मात्र कॉफीचा पहिला घोट घेऊन तिने मग खाली ठेवला आणि विचारलं, ‘‘तू यात रस्सम घातलंयस का?’’

चूक माझीच होती. आदल्या रात्री टोमॅटोचं सार केलं होतं. वरून ताजी मिरी हवी म्हणून मी ती सरळ कॉफीच्या ग्राइंडरमध्ये घातली. एकच मशीन, दोन कामं! महिनाअखेरीला फ्रीलान्सरचं डोकं असंच चालतं. सार झक्कास झालं. त्यानंतरचे आठ दिवस मात्र आम्ही तिखट कॉफी प्यायलो. ग्राइंडर धुतला, ब्रशने घासला, उन्हात ठेवला. दातांचा वास गेला, पण प्लास्टिकच्या बॉडीत मिरी जी जाऊन बसली ती बसलीच.

एवढ्यावर भागलं असतं तर हा लेख लिहिलाच नसता. पण त्याच आठवड्यात आज्जी आली.

‘मगे वास खंय गेलो?’

आज्जी सिंधुदुर्गातली. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आत्याकडे पुण्याला आली होती, म्हणून एका रविवारी माझं बिऱ्हाड बघायला आली. मी कौतुकाने आमलेट केलं, वर डबीतली मिरपूड भुरभुरली. आज्जीने ताट नाकाजवळ नेलं.

‘‘काय गो, ही मिरी खंयची?’’

‘‘तुझ्याच वेलाची, आज्जी. तूच पाठवलीस की.’’

‘‘माझ्या वेलाची? मगे वास खंय गेलो हिचो?’’

आता या मिरीची गोष्ट सांगायलाच हवी. आमच्या परसात पोफळींवर मिरवेल चढलेत. घोसातला एखाददुसरा दाणा लाल झाला की तो घोस काढायचा, दाणे सोडवायचे आणि चारपाच दिवस खळ्यात कडक उन्हात वाळवायचे. हिरवी मिरी तिथे काळी होते. पूर्वी आजोबा स्वतः शिडी लावून चढायचे. आता ते नाहीत, आणि चढणारा गडी मिळत नाही. हाताला येतील तेवढेच घोस आज्जी काढते. वरचे पाखरांना. त्यामुळे पूर्वी पायली-पायलीने व्हायची ती मिरी आता दोन बरण्यांवर आली आहे. त्यातली एक बरणी माझी. आणि मी त्या बरणीचं काय केलं होतं? ती आल्या आल्या अख्खी मिक्सरला लावून डबीत भरून ठेवली होती!

आज्जी पुढे काही बोलली नाही. आमलेट संपवलं. पण मला ते लागलं.

तिखट राहतं, वास उडतो

आज्जीच्या प्रश्नाचं उत्तर केमिस्ट्रीत आहे. मिरीचा तिखटपणा पायपरिन नावाच्या द्रव्यामुळे असतो. ते १८१९ साली वेगळं काढलं हान्स ख्रिस्तियन ओर्स्टेड या डॅनिश शास्त्रज्ञाने. हो, तोच! वीजवाहक तारेजवळ होकायंत्राची सुई हलते हे १८२० मध्ये दाखवणारा, शाळेच्या पुस्तकातला ओर्स्टेड. पायपरिन सहजासहजी उडून जात नाही. मिरीचा वास मात्र तिच्यातल्या सुगंधी तेलांचा, आणि ही तेलं उडून जाणारी. अख्ख्या दाण्यात ती कोंडलेली असतात. दाणा फुटला की हवेशी गाठ पडते आणि वास निघून जातो. माझ्या डबीत उरला होता तो नुसता झणका.

कॉफीचंही तेच. भाजलेल्या बीमध्ये सुगंध आणि कार्बन डायॉक्साइड दोन्ही अडकलेले असतात. दळताना घमघमाट सुटतो म्हणून आपण खूश होतो, पण तो घमघमाट कपातून वजा होत असतो. म्हणूनच ‘प्यायच्या आधी दळा, वाढायच्या आधी दळा’ हा साधा नियम.

गंमत म्हणजे ही दोघं मूळची शेजारीच. चिकमगळूर-कोडगूच्या मळ्यांत कॉफीवर सावली धरणाऱ्या मोठ्या झाडांवर मिरीचेच वेल चढवलेले असतात. मळा एक, वेळेचा नियम एक. मग दळायचं यंत्र एक का नसावं?

हे शोधायला मी मांडामांड केली. माझा सिरॅमिक दातांचा कॉफी ग्राइंडर (बाराशे रुपये), एका सहकाऱ्याचा स्टीलच्या दातांचा (सहा हजारांच्या आसपास), कॅफेवाल्या मित्राचा जर्मन (वीस हजारांच्या पुढे. तो द्यायला आला आणि शेवटपर्यंत शेजारी बसून राहिला!). मिरीसाठी सुपरमार्केटमधली प्लास्टिकच्या डोक्याची बाटली, रूममेटच्या मावशीने पॅरिसहून आणलेली लाकडी पेपर मिल आणि आत्याचा पितळी खलबत्ता. परीक्षक तिघं. शिवाय आज्जी, पाहुणी परीक्षक. माझ्या खिशात एका लेखाचे उशिराने आलेले आठ हजार. त्यात एकच गोष्ट येणार होती.

आत दडलंय जातं

ग्राइंडर उघडले आणि आज्जी उठून जवळ आली. आतला दातेरी शंकू फिरतो, बाहेरचं दातेरी कडं स्थिर राहतं, मधल्या फटीतून दाणा खाली सरकत बारीक होत जातो. तिने बोटाने शंकू फिरवून पाहिला आणि म्हणाली, ‘‘अगो, ह्यां तर जातांच!’’

शंभर टक्के बरोबर. दोन पृष्ठभाग, एक स्थिर, एक फिरता, मध्ये ठरवलेली फट. कॉफीवाले या दातेरी जोडीला ‘बर’ म्हणतात. मिक्सरमध्ये अशी फट नसते, नुसतं पातं गरगरतं आणि दाणा जिथे सापडेल तिथे तुटतो. म्हणून मिक्सर दळत नाही, चिरतो.

जातं म्हटल्यावर आज्जीची पहिली परीक्षाही जात्याचीच. तिने प्रत्येक ग्राइंडरचा दांडा धरून डावीउजवीकडे हलवला. माझा सिरॅमिकवाला खुळखुळला. स्टीलचा जेमतेम हलला. जर्मन ढिम्म! तिने तिथेच निकाल देऊन टाकला. आम्ही मात्र तराजू, स्टॉपवॉच आणि चाळण्या घेऊन बसलो.

एकाच कपात मैदा, रवा आणि भरड

तिन्ही ग्राइंडरमध्ये पंधरा-पंधरा ग्रॅम कॉफी, पोअर-ओव्हरला लागते तशी मध्यम जाड. सिरॅमिकला अडीच मिनिटांच्या वर लागली, स्टीलला पाऊण मिनिट, जर्मनला त्याहून थोडं कमी. मग प्रत्येक दळण मैद्याच्या चाळणीतून चाळलं. माझ्या ग्राइंडरच्या दळणात खाली पिठासारखा धुरळा आणि वर अर्धवट फुटलेले तुकडे. मैदा, रवा, भरड, सगळं एकत्र! स्टीलच्या दळणात धुरळा बराच कमी, तुकडे जवळपास नाहीतच. जर्मनचं आणखी एकसारखं.

याने काय बिघडतं? तर बरंच काही. गरम पाणी धुरळ्यातून सगळं काही ओढून घेतं, कडवटपणासकट. मोठ्या तुकड्यांच्या आत मात्र ते पुरतं पोचतच नाही, त्यांच्यातून आंबट, अर्धीकच्ची चव उतरते. दोन्ही एकाच कपात आले की कॉफी एकाच वेळी कडूही लागते आणि पाणचटही. कितीतरी महिने मी याचा दोष बियांना देत होते.

हे का होतं, ते दांड्याच्या त्या खुळखुळाटात आहे. स्वस्त ग्राइंडरमध्ये दांडा वरच्या बाजूला एका प्लास्टिकच्या खोबणीत अडकवलेला असतो, खाली शंकू जवळजवळ लोंबकळत असतो. फिरताना तो डगमगतो, फट एका बाजूला मोठी, दुसऱ्या बाजूला लहान होते. चांगल्या ग्राइंडरमध्ये दांडा वर आणि खाली अशा दोन बेअरिंगमध्ये पक्का धरलेला असतो. त्यातही एक मेख आहे. बारीक दळताना फट अरुंद असते, त्यामुळे डगमग फारशी जाणवत नाही. जाडसर दळायला घेतलं की स्वस्त ग्राइंडरचं पितळ उघडं पडतं.

मग सिरॅमिक वाईट का? तसं नाही. सिरॅमिक कठीण असतं, गंजत नाही, धुता येतं, वर्षानुवर्षं टिकतं. हारिओ आणि पोरलेक्स या जपानी नावांनी तो साधा, हलका ग्राइंडर घरोघरी नेला. पण सिरॅमिकचे दात सहसा बोथट कडेचे, ते दाणा कापण्यापेक्षा चिरडतात जास्त. मशीनवर कोरलेल्या स्टीलच्या दातांना धार असते. चीनचा टाइममोर, तैवानचा वनझेडप्रेसो, जर्मनीचा कोमांडान्टे ही सगळी मंडळी याच धारेवर आणि बेअरिंगवर उभी आहेत. महाग ग्राइंडरमध्ये जाड-बारीक करण्याच्या पायऱ्याही बारीक मिळतात. कोमांडान्टे सी-४० मध्ये एका ‘क्लिक’ला शंकू साधारण ३० मायक्रॉन सरकतो, म्हणजे मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातले तीस. एस्प्रेसो करणाऱ्याला हे लागतं. फिल्टर कॉफीत दूध-साखर घालून पिणाऱ्याला? अजिबात नाही.

डोळे मिटून चव घेतली तेव्हा माझ्या ग्राइंडरची कॉफी तिघांनीही लगेच ओळखली. स्टील आणि जर्मन यांच्यात मात्र मित्राचाच अंदाज चुकला! बाराशेवरून सहा हजारांवर गेल्यावर कपात जो फरक पडला, तो सहावरून वीसवर गेल्यावर पडला नाही. मित्राने ग्राइंडर गुपचूप पिशवीत घातला.

सिंहाचे दात

आता मिरी. पेपर मिल म्हटली की एकच नाव पुढे येतं, प्यूजो. हो, मोटारवाली प्यूजो! नव्वदच्या दशकात आपल्या कल्याणला ज्यांची ‘३०९’ बनत होती, तीच. फ्रान्समधल्या या घराण्याने १८१० मध्ये आपली धान्याची गिरणी पोलादाच्या कारखान्यात बदलली. मग करवतीची पाती केली, १८४० मध्ये कॉफी मिल, १८७४ मध्ये पेपर मिल. मोटारी आल्या त्या १८९० च्या आसपास. तो प्रसिद्ध सिंहही मुळात करवतींवरचा. दात सिंहासारखे मजबूत, असं सांगायला. म्हणजे गाडीच्या नाकावर मिरवणारा सिंह आधी दातांचीच जाहिरात करत होता.

मिरीच्या मिलचे दात दोन टप्प्यांत काम करतात. वरचे तिरके, मोठे दात दाणा पकडून तडकवतात आणि खाली ढकलतात, खालचे बारीक दात तो दळतात. या वाटा मिरीच्या चारपाच मिलिमीटरच्या दाण्याच्या मापाच्या. कॉफीची बी त्याच्या जवळजवळ दुप्पट लांब, ती वरच अडकून बसते. उलट, कॉफीच्या ग्राइंडरमध्ये मिरी दळली जाते, पण तिची तेलं दातांना चिकटतात. पुढचं तुम्हाला ठाऊक आहेच. रस्सम!

परीक्षेत अर्धा चमचा मिरपूड पाडायला प्लास्टिकच्या बाटलीला साठच्या वर पीळ लागले, लाकडी मिलला तीसच्या आत. बाटलीत जाड-बारीक करायची सोयच नव्हती. शिवाय प्लास्टिकचे दात कठीण मिरीवर झिजतात, आणि झिजलेलं प्लास्टिक जातं कुठे? ताटातच की! लाकडी मिलने सारासाठी बारीक आणि आमलेटसाठी जाडसर, दोन्ही नीट दिलं.

आणि खलबत्ता? चार ठोक्यांत काम तमाम! दळण ओबडधोबड, दोनचार दाणे उडून ओट्याखाली गेले, पण वास असा सुटला की हॉलमध्ये बसलेली रूममेट आत आली. मला इथे एक गोष्ट उमगली. मिरी काही ठरावीक मिनिटं पाण्यात मुरवून गाळायची नसते. एखादा दाणा जाड राहिला तर तो दाताखाली येतो, आणि बरंच वाटतं. कॉफीत एकसारखेपणाला किंमत आहे, मिरीत ताजेपणाला. म्हणून पैसे कॉफीच्या ग्राइंडरवर जास्त घाला. मिरीसाठी चांगली मिल असेल तर मस्तच, नसेल तर आज्जीचा खलबत्ता त्या प्लास्टिकच्या बाटलीपेक्षा कधीही सरस.

मनगटाचं काय?

हाताचा ग्राइंडर म्हणजे रोजचा व्यायाम, हे दुकानात कोणी सांगत नाही. कमी भाजलेली कॉफी दगडासारखी लागते, काळपट भाजलेली सहज फुटते. दांडा लांब असेल तर जोर कमी लागतो. ग्राइंडर आपल्या मुठीत बसायला हवा, नाहीतर दळणाऱ्या हातापेक्षा धरणारा हातच आधी थकतो. झासेनहाउस या १८६७ पासूनच्या जर्मन कंपनीने तर गुडघ्यांत धरायची, कमरेशी निमुळती कॉफी मिल केली. आज्जीने ते न ऐकताच ग्राइंडर गुडघ्यांत धरला आणि जात्यावर बसल्यासारखी फिरवू लागली.

फिरवता फिरवता तिने मला एक धडाही दिला. ‘‘घास बेतान घालूचो. ठासलंस तर भरड पडता.’’ जात्यात मूठ मूठ वैरायचं, एकदम ओतायचं नाही. कॉफीवाले याला ‘स्लो फीडिंग’ म्हणतात. ग्राइंडर जरा तिरका धरायचा, म्हणजे बिया दातांवर एकदम कोसळत नाहीत, थोड्या थोड्या सरकतात आणि दळण एकसारखं पडतं. माझ्या बाराशेच्या ग्राइंडरवरही फरक दिसला. फुकटात!

खरेदीला जाताना

* दांडा बसवून डावीउजवीकडे हलवून पाहा. खुळखुळला तर दुकानाबाहेर.
* वरखाली दोन बेअरिंग आहेत का, विचारा. दुकानदार गोंधळला तर दुसऱ्या दुकानात.
* फिल्टर कॉफी दूध घालून पीत असाल तर महागाच्या मागे लागू नका. ताजी भाजलेली कॉफी दुकानातूनच थोडी थोडी, आठवड्यापुरती दळून आणा.
* पोअर-ओव्हर, फ्रेंच प्रेस करत असाल तर स्टीलचे दात घ्या. खरा फरक तिथेच दिसतो.
* मिरीच्या मिलमध्ये दात धातूचे किंवा सिरॅमिकचे हवेत. जाड-बारीक करायचा स्क्रू किंवा कडं हवंच.
* मिरीच्या पोलादी दातांत मीठ घालू नका, गंजतील. त्यातून आपलं खडं मीठ म्हणजे ओलंच. मिठाला वेगळी मिल.
* स्टीलचे दात पाण्याने धुवायचे नाहीत. कोरडा ब्रश पुरे.
* आणि हो, कॉफीची कॉफीला, मिरीची मिरीला. रूममेट टिकवायची असेल तर!

आणि माझे आठ हजार?

पुढच्या शनिवारी मी दुकानात गेले. काचेच्या कपाटात ग्राइंडर रांगेने उभे. सेल्समन रंग दाखवत होता. मॅट ब्लॅक, रोझ गोल्ड... मी म्हटलं, ‘‘रंग राहू दे, दांडा लावून द्या.’’ एकेक हातात घेऊन हलवला. ‘हलवून खुंटा बळकट करणं’ हा वाक्प्रचार शाळेत पाठ केला होता, वाक्यात उपयोगही केला होता. प्रत्यक्षात उपयोग तेव्हा पहिल्यांदा केला. तिसरा ढिम्म निघाला. स्टीलचे दात, दोन बेअरिंग, साडेसहा हजार. घेतला.

पेपर मिल पुढच्या चेकवर. तोवर आत्याने तिचा खलबत्ता मला देऊन टाकलाय. डबीतली जुनी पूड फेकून दिली आणि यंदाची बरणी न दळता तशीच फडताळात ठेवली आहे. रोज लागतील तेवढे आठ-दहा दाणे काढते, कुटते, लगेच वापरते. मिक्सरच्या काळात मिरी कधी संपायची कळायचंही नाही. आता मोजून खर्च होते.

परवा आज्जीचा फोन होता. डोळा छान आहे, यंदा घोस बरे लागलेत, पण वरचे कोण काढणार, वगैरे. मी म्हटलं, शिडी धरायला मी येते. ती हसली. मग नेहमीचा प्रश्न, ‘‘मिरी संपली?’’

‘‘नाही गं, अर्धी बरणी आहे अजून.’’

‘‘आणि वास?’’

मी खलबत्ता फोनजवळ नेला आणि दोन ठोके दिले. वास काही फोनवरून जात नाही, पण तिला आवाजावरून कळलं.